कडी किती घासली, हे कोण मोजतं?

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची सांदण दरी पाऊस सरला की माणसांनी भरून जाते. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिकहून येणारे गट पहिल्या साधारण 45 फुटांच्या टप्प्यावर रांग लावून दोराने खाली उतरतात. दोर नवा आहे का, हार्नेस नीट बसला आहे का, हेल्मेट आहे का, हे पाहिलं जातं आणि पाहिलंच पाहिजे. पण उतरणाऱ्याचा सगळा भार ज्या मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या कड्यांमधून, म्हणजे उतरण्याचा वेग आवरणाऱ्या डिसेंडरमधून आणि तो हार्नेसला जोडणाऱ्या कॅराबिनरमधून जातो, ते किती घासलेत हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर उत्तर वर्षांत मिळतं: ‘दोनच वर्षं झालीत.’ वर्षांचा हा हिशेब चुकीचा आहे. साहित्यातून किती दोर गेला आणि आता किती धातू उरला, याची नोंद ठेवणं साहसी पर्यटनात सक्तीचं व्हायला हवं.

या कड्यांवरचा लाल, निळा, काळा रंग हा वरून मारलेला रंग नसतो. आम्लाच्या द्रावणात वीज सोडली की ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड बनतं आणि त्या सच्छिद्र थरात रंग मुरवला जातो. ही ॲनोडायझिंगची पद्धत ब्रिटनमध्ये 1923 साली सागरी विमानांचे भाग खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून उद्योगात आली. हा थर धातूपेक्षा कठीण असतो, पण त्याची जाडी नेहमीच्या कामात साधारण 5 ते 25 मायक्रॉन आणि हार्ड ॲनोडायझिंगमध्ये 50 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. दोर नायलॉनचा, त्यामुळे तो स्वतः काही धातूला ओरखडत नाही. ओरखडते ती त्यात अडकलेली माती. सांदणचा खडक बेसाल्ट. त्याचा चुरा कठीण आणि त्याच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी त्याहून कठीण. असा चुरा ओल्या दोराच्या विणीत शिरला की दोर कानशीसारखं काम करतो. आधी रंग जातो, मग चकचकीत पांढरा धातू दिसतो, आणि दोर हाताळणाऱ्यांचे तळवे काळे पडतात. ती काजळी म्हणजे बऱ्याच अंशी कडीचाच झिजलेला धातू.

आता वापराचं गणित मांडून पाहू. समजा, एका गटातले 100 जण 10 डिसेंडर आळीपाळीने वापरून पहिला टप्पा उतरले. 45 फूट म्हणजे सुमारे 14 मीटर. एकेका डिसेंडरमधून त्या दिवशी 140 मीटर मातकट दोर गेला. हंगामात असे 40 दिवस धरले तर साडेपाच किलोमीटरच्या वर, तेही फक्त एका टप्प्यावर. हौसेने वर्षातून चार-सहा वेळा कड्यावर जाणाऱ्याच्या डिसेंडरला इतका दोर बघायला कित्येक वर्षं लागतील. दोघांच्या पावतीवरची तारीख मात्र एकच असू शकते. झाडांवर दोराने चढून फांद्या उतरवणारे कामगार हेच साहित्य वापरतात. त्यांच्याही बाबतीत वयापेक्षा वापर महत्त्वाचा.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. कॅराबिनरला लांबीच्या दिशेने किमान 20 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 2 टनांचा भार पेलावा लागतो. दोराने उतरणाऱ्याचा भार त्याच्या जवळपासही जात नाही, मग थोडी खाच पडली म्हणून काय बिघडलं? कडी तुटणार नाही, हे मान्य. धोका वेगळा आहे. दोर एकाच जागी घासत राहिला की खाचेच्या कडेला धार येते आणि ती धार भाराखालच्या दोराचं आवरण कापते. परदेशात अशा धारदार कॅराबिनरने दोर कापला गेल्याची उदाहरणं आहेत. अनेक उत्पादक सुमारे 1 मिलिमीटर खोलीची झीज दिसली की वस्तू बाद करायला सांगतात, ते म्हणूनच. बोटाचं नख खाचेवरून फिरवलं तर धार कळते. खोली मोजायला व्हर्नियर पुरतो.

मग सरळ पोलाद का वापरू नये? जिथे कडी एका जागी राहते आणि दोर तिच्यातून दिवसभर फिरतो, म्हणजे वरच्या बोल्टवर, तिथे पोलादच वापरावं. प्रत्येकाच्या कमरेला मात्र ते नको, कारण पोलाद जवळजवळ तिप्पट जड आणि पूर्ण दरी उतरणाऱ्यांना सगळं साहित्य पाठीवर कोकणापर्यंत न्यायचं असतं. झिजलेल्या कड्या पुन्हा ॲनोडायझिंग करून आणाव्यात, हा उपाय तर घातकच. जुना थर काढणारं रसायन खालचा धातूही खातं, आणि नव्या रंगाखाली खाच झाकली जाते. गेलेला रंग हा आपल्याला मिळालेला इशारा आहे; तो पुसून कसं चालेल?

राहिला खर्चाचा मुद्दा. साम्रद परिसरातल्या तरुणांचं हंगामातलं उत्पन्न यावर चालतं, त्यांच्या डोक्यावर आणखी कागदपत्रं कशाला, ही काळजी रास्त आहे. पण इथे लागते ती एक वही, प्रत्येक कडीवर कोरलेला क्रमांक आणि महिन्यातून एकदा मोजलेली झीज. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांची नोंदणी बंधनकारक केली. त्या नोंदणीच्या नूतनीकरणावेळी खरेदीच्या पावतीइतकंच या वहीलाही महत्त्व द्यावं, आणि बाद केलेल्या साहित्याच्या बदल्यात नवं घ्यायला स्थानिक गटांना पर्यटन विभागाने अनुदान द्यावं. नाहीतर पैसे वाचवायला झिजलेली कडीच पुढच्या हंगामात पुन्हा दोरावर चढेल.