मूल्यमापन वरातीमागून नको

सरकारी योजनेचे मूल्यमापन आपल्याकडे बहुधा योजना संपल्यावरच आठवते. वास्तविक या कामाची परंपरा जुनी आहे. १९५२ साली समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी त्याची पारख करण्यासाठी कार्यक्रम मूल्यमापन संघटनाही स्थापन झाली. योजना आणि तिची परीक्षा बरोबरीने चालावी, हा त्यामागील विचार होता.

हा विचार पुढे मागे पडला. जलयुक्त शिवार अभियानाचेच उदाहरण घ्यावे. २०१४ च्या डिसेंबरात आखलेल्या या अभियानाचे ध्येय २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे होते. त्यासाठी दरवर्षी पाच हजार गावे घ्यावयाची होती. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्ची पडल्यावर २०२० मध्ये महालेखापालांचा अहवाल आला आणि भूजलपातळी वाढविण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असे त्यात नमूद झाले. त्यावर राजकीय वाद रंगला. परंतु खर्च झालेला पैसा फिरविण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

विहिरीला पाणी वाढले ते बंधाऱ्यामुळे की चांगल्या पावसामुळे, आणि आटले ते सदोष कामामुळे की २०१८ सारख्या दुष्काळामुळे, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्याची सोय अभियानाच्या रचनेतच होती. गावे टप्प्याटप्प्याने निवडली जाणार, म्हणजे ज्यांची पाळी यावयाची आहे अशी शेजारची गावे तुलनेसाठी आयतीच उपलब्ध होती. काम सुरू होण्यापूर्वी दोन्हीकडील विहिरींची नोंद घेऊन पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर ती ताडून पाहिली असती, तर पुढील वर्षांचा आराखडा सुधारता आला असता.

प्रत्येक गावाची सखोल पाहणी परवडणारी नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच टप्पे हवेत. प्रारंभी सर्वत्र साधी नोंद, मध्यंतरी निवडक गावांची तपासणी आणि अखेरीस मोजक्या, शंकास्पद ठिकाणी तज्ज्ञांचा अभ्यास, अशी विभागणी केली म्हणजे थोडक्या मनुष्यबळात काम भागते. मात्र त्याची तारीख आणि तरतूद मूळ अंदाजपत्रकातच हवी.

२०२३ मध्ये या अभियानाचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. पाण्याच्या भरवशावर रब्बीचे बियाणे विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला उशिरा आलेल्या अहवालाचा काहीच उपयोग नसतो. चूक दुरुस्त करता येईल अशा वेळी ती दाखविणे, हेच मूल्यमापनाचे प्रयोजन आहे.