वीज खातं कोण?

दोस्तांनो, विजेचं बिल आलं की घरोघरी एक चौकशी सुरू होते. "बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला?" "रात्री अकरापर्यंत दिवा लावून कसला अभ्यास चालतो?" "चार्जर तसाच लटकतोय, काढा तो आधी!" संशय बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत लहान माणसावर येतो. म्हणजे तुमच्यावरच! आज आपण या प्रकरणाचा नीट तपास करू. त्यासाठी एक पेन्सिल, एक वही आणि तिसरी-चौथीतला गुणाकार एवढं पुरे.

आधी 'युनिट' म्हणजे काय ते पाहू. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज खर्च होते. म्हणजे हिशोबात दोन गोष्टी आल्या : उपकरण किती वॅटचं आहे आणि ते किती वेळ चालतं. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि १००० ने भागायचं. झालं उत्तर!

आता पहिला संशयित, तुमच्या टेबलावरचा अभ्यासाचा दिवा. समजा तो ९ वॅटचा एलईडी आहे आणि रोज चार तास चालतो. ९ × ४ × ३० म्हणजे १०८०. भागिले १०००. महिन्याला एक युनिट आणि वर थोडंसं! दुसरा संशयित, सॉकेटला लटकणारा मोबाईलचा चार्जर. फोन न लावता तो अर्धा वॅट खातो असं धरलं, तरी रात्रंदिवस महिनाभर मिळून अर्धं युनिटसुद्धा होत नाही. चार्जर काढून ठेवणं ही चांगली सवय आहे, पण बिल काही त्याने फुगलेलं नाही.

मग फुगवलं कोणी? जरा बाथरूममध्ये डोकावू या.

पाणी तापवायला फार ऊर्जा लागते. १५ लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायची, तर किमान ०.३५ युनिट लागतं. एवढ्या विजेवर तुमचा ९ वॅटचा दिवा जवळजवळ ३९ तास जळेल! घरात चार माणसं रोज अशी एकेक बादली घेत असतील, तर महिन्याला ४२ युनिट नुसती आंघोळीला जातात. म्हणून सांगतो, दिवा विझवून डोळे ताणत अभ्यास करू नका. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यात गिझरला सुट्टी द्या.

थंडीत मात्र आजी-आजोबांच्या गरम पाण्यात काटछाट करायची नाही हं. वाया जातं तेवढंच वाचवायचं. साठवणीचा गिझर असेल तर तो रात्रभर चालू ठेवू नये, कारण साठलेलं पाणी हळूहळू निवतं आणि गिझर ते पुन्हा पुन्हा तापवत बसतो. आंघोळीच्या थोडं आधी लावावा आणि घरातल्यांनी एकापाठोपाठ आंघोळी उरकाव्यात. गच्चीवर सूर्यबंब असेल तर प्रश्नच मिटला!

आता इतर मंडळी पाहू.

जुना पिवळा बल्ब : ६० वॅटचे दोन बल्ब रोज पाच तास जळले तर महिन्याला १८ युनिट होतात. त्यांच्या जागी ९ वॅटचे एलईडी लावले तर पावणेतीनसुद्धा नाहीत. पिवळ्या बल्बमध्ये बरीचशी वीज उजेड न होता उष्णता होऊन जाते. म्हणून तर तो हाताला चटका देतो. सरकारच्या 'उजाला' योजनेत २०१५ पासून ३६ कोटींहून जास्त एलईडी दिवे वाटले गेले. तरीही जिन्यात, माळ्यावर किंवा देवघरात एखादा जुना बल्ब दडून बसलेला असतो. शोधा त्याला.

पंखा : साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो. एकटा पाहिला तर गरीब वाटतो, पण तो तासन् तास फिरतो. रिकाम्या खोलीत रोज तीन तास फिरला तर महिन्याला पावणेसात युनिट गेली! शिवाय तुमच्याकडे खोक्यासारखा जुना रेग्युलेटर असेल, तर पंखा हळू केल्यावर वाचायला हवी तितकी वीज वाचत नाही. बरीच त्या खोक्याला तापवण्यात जाते. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं तसं नसतं. 'बीएलडीसी' नावाचे नवे पंखे तर तीसेक वॅटमध्येच काम भागवतात. जुना पंखा बिघडेल तेव्हा बाबांना हे आठवणीने सांगा.

फ्रिज : याला चोवीस तासांची ड्यूटी. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय, आतली थंडी बाहेर पळतेय. गरम भाजी निवल्यावरच आत ठेवा. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, त्याला मागून उष्णता सोडायला जागा लागते.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स : रिमोटने 'बंद' केला तरी बरेच बॉक्स आतून जागेच असतात. १० वॅट धरा आणि न पाहण्याचे १६ तास धरा. महिन्याला पावणेपाच युनिट फुकट! भिंतीवरचं बटण बंद करा.

एसी : प्रत्येक अंशाने तापमान वाढवून ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. १८ वर लावून गोधडी घेण्यापेक्षा २४ वर लावून सोबत पंखा हळू ठेवलेला काय वाईट?

"पण पाच-सात युनिट वाचवून असं काय मिळणार?" असं कोणी म्हणेल. इथेच खरी गंमत आहे. विजेच्या दराला पायऱ्या असतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढची सर्वांत महाग. दर बदलत राहतात, पण २०२४-२५ साली दुसऱ्या पायरीचं युनिट पहिल्या पायरीच्या जवळजवळ दुप्पट होतं.

समजा एका घराचा वापर १३० युनिट आहे. पहिल्या शंभरांना एकपट दर आणि वरच्या तीसांना दुप्पट. म्हणजे १०० अधिक ६०, असे १६० भाग झाले. आता जुने बल्ब बदलून, रिकाम्या खोलीतला पंखा आणि सेट-टॉप बॉक्स बंद करून २५ युनिट वाचवली. उरली १०५. त्यांचे भाग झाले ११०. युनिटं वाचली पाचव्या हिश्शाहूनही कमी, पण त्या दराचे पैसे वाचले जवळजवळ तिसरा हिस्सा! कारण आपण वाचवतो ती नेहमी वरच्या, महाग पायरीवरची युनिटं असतात. बिलातला 'स्थिर आकार' मात्र तसाच राहतो, त्याला आपला इलाज नाही.

करून पाहा

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवर ३२०० किंवा १६०० असा एखादा आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पूर्ण होतं. तुमच्या मीटरवर ३२०० असेल, तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे सुमारे १९ वॅट. १६०० असेल तर त्याच्या दुप्पट.

घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या. आधी एक मिनिट लुकलुक मोजा. मग एकच उपकरण लावून पुन्हा मोजा आणि किती वाढली ते लिहा. ३२०० च्या मीटरवर पंखा मिनिटाला चार लुकलुक वाढवेल. १००० वॅटची इस्त्री तापत असताना त्रेपन्न! आणि तुमचा एलईडी दिवा? दोन मिनिटांत जेमतेम एक. मीटर फक्त पाहायचं हं, पेटी उघडायची नाही, की तारांना हात लावायचा नाही.

आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवा. ज्या दिवशी आकडा जास्त वाढला, त्या दिवशी घरात काय काय चाललं होतं ते शेजारी लिहा. ही वही घरच्यांना दाखवा. नुसतं "मी नाही केलं" म्हणण्यापेक्षा ती जास्त कामाला येईल.

पुढच्या आठवड्यात : कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?