स्वहस्ते शिवलेली खोळ

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु ज्या हाताची एवढी थोरवी, त्याचे रक्षण करण्याचे कामही त्याच हाताकडे सोपवावे, हे आपणांस सहसा सुचत नाही. गेल्या हिवाळ्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ही गोष्ट आम्हांस शिकविली. शिक्षकाने विद्यार्थ्याकडून धडा घ्यावा यात कमीपणा नाही. म्हणून तो प्रसंग सांगून त्यावरील आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या राजगुरुनगरची थंडी तशी सौम्य. पौषातल्या पहाटे भीमेच्या काठी उभे राहिले तरी एक शाल पुरते. परंतु भोरगिरीहून भीमाशंकरची वाट उजाडण्यापूर्वी चढू लागावे, किंवा कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहात थांबावे, म्हणजे वारा काय करू शकतो ते कळते. अलीकडे तर आपल्या भागातील तरुण ऐन हिवाळ्यात उत्तराखंडातील केदारकंठा शिखरापर्यंत बर्फ तुडवीत जाऊ लागले आहेत.

गेल्या डिसेंबरात आम्ही काही मुलांस घेऊन कळसूबाईस जाण्याचे ठरविले आणि सामानाची यादी वर्गात वाचून दाखविली. तीत लोकरी हातमोजे होते, आणि त्यांवर घालण्यासाठी वारा न शिरणारे दुसरे मोजेही होते. दुसऱ्याच दिवशी एका मुलाने आपले नाव काढून घेतले. विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “सर, घरी काम आहे.” पुढे कळले की, दुकानात त्या वरच्या मोज्यांची किंमत ऐकून त्याचे वडील गप्प राहिले होते. यादी आम्ही केली होती. कोणत्या घरास काय परवडेल याचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. याची आम्हांस आजही लाज वाटते.

तीन दिवसांनी त्याच मुलाने आपले नाव पुन्हा घातले. त्याची आई घरी शिवणकाम करते. घरात एक मोडकी छत्री पडलेली होती. तिचे कापड उसवून मायलेकांनी दोन खोळी शिवल्या. एक शिवण आईची, तर दुसरी मुलाची. त्या पाहून काही सोबती हसले. “छत्री हातात घातलीस काय रे?” असेही कोणी म्हणाले.

बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटेच्या दवाने त्या ओल्या झाल्या होत्या. बहुतेक मुलांनी लोकरी मोजे न काढताच शिड्या धरल्या व मोजे भिजले. माथ्यावर वारा लागताच हसणाऱ्यांपैकीच एकाची बोटे इतकी बधिरली की, त्यास बुटाची नाडी बांधता येईना. आमच्या त्या मुलाने आपल्या खोळी निसरड्या आहेत हे ओळखून शिड्यांवर त्या खिशात ठेविल्या होत्या. आम्ही सोबत्याचे ओले मोजे काढविले, त्याचे हात त्याच्याच काखेत धरविले, मग कोरडे पायमोजे हातांत घालून त्यांवर त्या छत्रीच्या खोळी चढविल्या. थोड्याच वेळात बोटे हलू लागली. खोळींचा मालक मात्र खाली उतरेपर्यंत स्वतःचे हात खिशात घालून चालला. त्याविषयी तो एक शब्दही बोलला नाही.

या कापडात अशी काय जादू आहे? जादू काहीच नाही. आपल्या त्वचेभोवती अंगाच्या उष्णतेने तापलेल्या हवेचा एक थर असतो. लोकर तो थर धरून ठेविते; परंतु वारा लोकरीतून आरपार शिरून तो पळवितो. मोजा भिजला तर अधिकच वाईट, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. वरची खोळ स्वतः ऊब देत नाही. ती केवळ वाऱ्यास दारातच अडविते. आपले मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावर घेतात आणि शेतकरी इरले पाठीवर घेतात, तेही वारा-पाऊस अडविण्यासाठीच. या खोळीत चारी बोटांस मिळून एकच घर असते व अंगठ्यास दुसरे. बोटे एकमेकांस लागून राहिल्याने परस्परांस ऊब देतात; वेगळी राहिली तर प्रत्येक बोट एकटेच गारठते.

ही खोळ शिवण्यास फार कौशल्य लागते असे नाही. लोकरी मोजा घातलेला हात कागदावर सैल ठेवावा व भोवती रेघ ओढावी. त्या रेघेबाहेर सुमारे तीन सेंटिमीटर मोकळीक ठेवावी, कारण घट्ट खोळ हवेस जागा देत नाही. शिवणीसाठी आणखी एक सेंटिमीटर माया सोडावी. मनगटाच्या मागे एक वीत कापड अधिक ठेवावे, म्हणजे खोळ कोटाच्या बाहीवर चढते. प्रथम जुन्या चादरीची एक खोळ शिवून पाहावी व ती हातास बसली की मगच चांगले कापड कापावे. छत्रीच्या किंवा रेनकोटच्या कापडास टाचण्या लावू नयेत. तिची भोके तशीच राहतात. त्याऐवजी कपडे वाळत घालण्याचे चिमटे लावावे. सुई बारीक, दोरा पॉलिएस्टरचा आणि टाका थोडा मोठा असावा. फार बारीक टाक्यांनी कापड तिकिटाप्रमाणे फाटते. एक टीप घालून तिच्याशेजारी दुसरी घालावी. अंगठा व तळहात यांच्यामधील बेचक्यात मायेस कात्रीने छेद द्यावा, पण तो टाक्यापर्यंत जाऊ देऊ नये. तोंडाशी नेफा करून नाडी ओवावी.

शेवटी मनगटात अडकविण्यासाठी दोरीचा एक फास शिवावा. तो क्षुल्लक समजू नये. १९५० साली ३ जून रोजी फ्रेंच गिर्यारोहक मॉरिस हेर्झोग हे ८०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णा शिखरावर पोचले. परंतु उतरताना त्यांचे हातमोजे घसरून खाली गेले, हिमदंश झाला आणि हाताची बोटे त्यांना गमवावी लागली. त्याच शिखरावर २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते पोचल्या. तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. अशा शिखरांवर जाणाऱ्याने मात्र पारखून घेतलेलेच साहित्य वापरावे. जेथे जिवाशी गाठ आहे तेथे काटकसर शहाणपणाची नव्हे. परंतु सह्याद्रीतील डिसेंबरच्या पहाटेस छत्रीची खोळ पुरेशी आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कोणी म्हणतील, चाकणच्या कारखान्यांत यंत्रे क्षणात हजार वस्तू घडवीत असता मुलांच्या हाती सुई कशास द्यावी? त्यांस आमचे उत्तर असे की, डोंगरावर शिवण उसवली तर तेथे कारखाना नसतो. दुसरे म्हणजे, वस्तू कशी होते हे ज्यास ठाऊक आहे, तो दुकानात सहसा फसत नाही. आणि सुई ही मुलींचीच, हा समज तर आपण सोडून द्यावा. संत नामदेव शिंपी होते. शस्त्रवैद्य जखम शिवतो ती सुईनेच. ज्या मुलास आपले सुटलेले बटण लावण्यासाठी आईस हाक मारावी लागते, त्याचे शिक्षण आम्ही पुरे समजत नाही.

म्हणून आमची विनंती अशी आहे की, सहामाही परीक्षेनंतर आठवड्यातून एक तास मुलांस व मुलींस एकत्र बसवून शिवण शिकवावे. पालकांनी मोडक्या छत्र्या भंगारात न देता शाळेकडे पाठवाव्या, आणि मुलगा सुई घेऊन बसला तर त्यास हसू नये. सहलीच्या यादीत आम्ही या वर्षी एक ओळ बदलली आहे: ‘हातमोज्यांवरील खोळ, घरी शिवलेली असल्यास उत्तम.’ ती कशी बेतावी हे विचारण्यास मधल्या सुट्टीत मुले ज्याच्याभोवती जमतात, तो मुलगा आता नववीत आहे. त्याचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण तशी त्याचीच इच्छा आहे.