हवेचे मुके वाटेकरी

शहरातील हवेचा विषय निघाला की आपण माणसाच्या खोकल्याविषयी, दम्याविषयी आणि दवाखान्यातील गर्दीविषयी बोलतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच हवेत कावळे, घारी, चिमण्या आणि मधमाश्याही जगतात. त्यांच्या आजारांची नोंद सहसा कोणत्याही दप्तरी होत नाही.

पक्ष्यांची श्वसनरचना आपल्याहून निराळी आहे. वायुकोशांमुळे त्यांच्या फुप्फुसांतून ताजी हवा एकाच दिशेने सतत वाहत राहते. उड्डाणाला लागणारा प्राणवायू त्यांना असा मिळतो. मात्र हवेतील विषही तितक्याच सहजपणे आत शिरते. म्हणूनच ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कार्बन मोनॉक्साइडची सूचना मिळावी यासाठी कॅनरी पक्षी नेत असत. ही प्रथा १९८६ पर्यंत टिकली. पक्षी कोसळला की मजूर बाहेर धाव घेत.

कीटकांची स्थिती वेगळी नाही. आग्यामोहोळ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस येथील संशोधकांनी शहराच्या निरनिराळ्या भागांतील याच मधमाश्यांचा काही वर्षे अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे धूलिकण अधिक, तेथे फुलांवर येणाऱ्या माश्या कमी आढळल्या. त्यांच्या अंगावर धुळीचे कण होते, हृदयाच्या ठोक्यांत फरक पडला होता. प्रदूषित भागांतून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या एका दिवसात मेल्या. माशी फुलावर आली नाही तर परागीभवन थांबते आणि त्याची झळ फळझाडांना, भाजीपाल्याला, पर्यायाने आपल्या ताटाला लागते.

माणसांचेच हाल संपत नसताना माशीचा विचार कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. हवा शुद्ध करणारे यंत्र दिवाणखान्यात बसविता येते, पोळ्यात बसविता येत नाही. पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराच्या, चौकातील फेरीवाल्याच्या वाट्यालाही ते येत नाही. जी हवा मधमाशीला मारते तीच हवा हे लोक दिवसभर छातीत भरून घेतात. बंद खिडकीआडचा उपाय ज्याच्या खिशाला परवडतो त्याचाच असतो. उघड्यावरची हवा सुधारली तरच पाखरांसह सर्वांचा श्वास मोकळा होईल.

खाणीतल्या पक्ष्याला माणसाने धोक्याची घंटा म्हणून वापरले. आज आपण त्याहून पुढे जायला हवे. पक्षी आणि कीटक आपल्याला इशारा देतात एवढ्यासाठीच त्यांना जपावे असे नाही. श्वास घेण्याचा त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज शहरांत राहतात. त्यांनी आपल्या वस्तीत पालापाचोळा आणि कचरा जाळणे थांबवावे, पाल्याचे खत करावे आणि नगरसेवकाकडे मते मागण्याच्या वेळी पाणी-रस्त्यांबरोबर हवेचाही हिशेब मागावा. मुक्या वाटेकऱ्यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी असलेच पाहिजे.