रस्त्याची उणीव चाकाच्या माथी

तीन चाकांच्या रिक्षाला कारखान्याने दिले त्याहून मोठे चाक बसवावे की न बसवावे, हा वाद वरकरणी गॅरेजच्या ओट्यावर सुरू होऊन तेथेच मिटावा इतका किरकोळ आहे. शहरात तो तसा मिटतोही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मात्र त्याला निराळे वजन येते. कोकण रेल्वे महाड तालुक्यातून गेली, पण महाड शहराला तिचा स्पर्श झाला नाही. उतारूंना वीर स्थानकावर उतरून पुढची वाट धरावी लागते. पोलादपूर तर आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी वसलेले. एस. टी.ची गाडी मोठ्या गावापर्यंत आणि ठरल्या वेळीच जाणार. त्यापुढे डोंगराच्या सोंडांवर आणि ओढ्यांपलीकडे विखुरलेल्या वाड्यांचे दळणवळण ज्या वाहनांवर चालते, त्यांत तीनचाकीचा वाटा लहान नाही. अडलेली बाळंतीण, परीक्षेला निघालेली मुले, रेशनचे धान्य, खताची पोती यांना तिच्याखेरीज पुष्कळदा दुसरा आधार नसतो. अशा वाहनाच्या चाकात केलेला फेरफार ही केवळ हौस म्हणता येणार नाही, आणि त्यातून उद्भवणारा धोकाही एकट्या चालकाचा राहत नाही.

हे वाहन मुळात या मुलखासाठी घडलेलेच नाही. माणसाने माणसाला ओढू नये या भावनेने नवलमल फिरोदिया यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यांत्रिक रिक्षाची कल्पना उचलून धरली, तेव्हा विचार होता तो शहरांतील सायकलरिक्षांचा. पुढे देशात जी रिक्षा रूढ झाली ती स्कूटरच्या कुळातली: तीन लहान चाके, मागे इंजिन, अरुंद गल्लीत जागच्या जागी वळणारे सुटसुटीत अंग. रायगड जिल्ह्यात तिच्या जोडीला विक्रम आणि मिनिडोर या थोराड तीनचाकी आल्या आणि वर्षानुवर्षे राबल्या. परंतु डोंगरातल्या अरुंद वाटेवर अखेर लहान रिक्षाच पोचते. तिच्या आठ इंची रिमवर चढणारा टायर जेमतेम ४१ सेंटिमीटर व्यासाचा असतो.

खड्डा किती मोठा हे खड्ड्याकडे पाहून कळत नाही, चाकाच्या मानाने ते ठरवावे लागते. मोटारीचे चाक ज्या भेगेवरून सहज सरकते, तिच्यात रिक्षाचे चाक तळापर्यंत उतरते, समोरच्या काठावर आपटते आणि तो हिसका रिम, बेअरिंग व उतारूंच्या मणक्यापर्यंत पोचतो. जुन्या बैलगाडीचे चाक माणसाच्या कमरेच्या वर येई, ते काही शोभेसाठी नव्हे. सुताराला गावची वाट ठाऊक होती आणि वाटेप्रमाणे तो चाक करी. आजच्या कारखान्याला महाडची वाट ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा ज्या भागात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि रस्त्याची खडी ओढ्याला मिळते, तेथील रिक्षावाल्याला आठ इंचांच्या जागी दहा इंची चाक बसवून घ्यावेसे वाटले, तर त्यात नवल कसले?

मोहाचे कारण समजून घेतले म्हणून मोहाचे परिणाम टळत नाहीत. दहा इंची रिमवरचा टायर सुमारे ४८ सेंटिमीटर व्यासाचा होतो. म्हणजे आस साडेतीन सेंटिमीटरने उचलली जाते आणि गाडीचे पोट दगडाला लागत नाही, एवढाच लाभ डोळ्यांना दिसतो. न दिसणारा हिशेब निराळा आहे. चाक सतराएक टक्क्यांनी वाढले की एका फेऱ्यात गाडी तितकीच अधिक पुढे जाते. इंजिन आणि गिअर तेच राहिल्याने चढावर जोर सुमारे एक-सप्तमांशाने घटतो. ब्रेकचेही तसेच. ड्रम तोच, पायाचा दाब तोच, पण रस्त्याच्या पृष्ठभागाशी मिळणारा रोध त्याच प्रमाणात कमी पडतो. वेगदर्शकाला तर या बदलाची वार्ताच नसते. चाकाच्या फेऱ्या मोजून तो ताशी ३० किलोमीटर दाखवतो, तेव्हा गाडी ३५ ने पळत असते. (मीटरवर चालणाऱ्या शहरी रिक्षाला मोठे चाक परवडणारे नाही, कारण तिथे भाड्यातली खोट सरळ चालकाच्या खिशाला लागते. वाडीवरच्या माणशी भाड्याला ही वेसण नाही.)

सर्वांत गंभीर बाब तोलाची आहे. चारचाकी वाहन चौकोनावर उभे असते, तीनचाकी त्रिकोणावर. आणि रिक्षाच्या त्रिकोणाचे टोक पुढच्या एकुलत्या चाकाशी आहे. उतारावर, वळणावर, ब्रेक दाबलेला असताना भार पुढे आणि बाहेर सरकतो, म्हणजे नेमका त्रिकोणाच्या निमुळत्या बाजूला जातो. साडेतीन सेंटिमीटरची उंची सपाट रस्त्यावर जाणवणारही नाही. पण मागच्या बाकावर तिघांऐवजी पाच माणसे, टपावर बोजे आणि चालकाच्या दोन्ही अंगांना अर्धे अर्धे बसलेले उतारू असा नेहमीचा देखावा असेल, तर तोलाची मर्यादा आधीच संपत आलेली असते. त्यात रिम रुंद असून मूळ जागेपेक्षा बाहेर आलेली असेल, तर तो सारा ताण बेअरिंगवर पडतो. बेअरिंग सपाटीवरच तुटेल असे कोणी लिहून दिलेले नाही.

कायद्याची भूमिका या बाबतीत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अपघात झाल्यास विमा कंपनीच्या हाती हरकतीचे आयते कारण मिळते ते वेगळेच. परंतु हाच कायदा अपंग व्यक्तीसाठी वाहनात आवश्यक ते फेरबदल करण्यास वाट करून देतो. माणसाच्या शरीराची गरज यंत्राने ओळखावी हे विधिमंडळाच्या पातळीवर मान्य झाले. भूमीच्या शरीराची गरज मात्र अद्याप कोणी विचारात घेतलेली नाही.

अर्थात पहिला दोष रस्त्याचा आहे, आणि रस्ता करणे अशक्य आहे असे या तालुक्यांना कोणी सांगू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहनांसह वाहून गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तेथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. कशेडी घाट टाळण्यासाठी डोंगर फोडून दोन बोगदे काढण्यात आले. महामार्गासाठी डोंगर पोखरता येतो, मग महामार्गापासून पाच मैलांवरच्या वाडीच्या मोरीला दोन नळ घालता येऊ नयेत, हे पटण्यासारखे नाही. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा मदत पथकांची वाट पाण्याने आणि वाटेतल्या दरडींनी अडवली होती. आडरस्त्यांची किंमत कशात मोजावी लागते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. रस्त्याच्या कामाला पावसाळ्याचे कारण सांगितले जाते. पावसाळा या मुलखात दरसाल येतो, तो काही आगंतुक नव्हे.

तरीही सगळे रस्ते नीट होईपर्यंत रिक्षावाल्याने थांबावे असे म्हणणे म्हणजे बाळंतिणीला थांब म्हणण्यासारखे आहे. मधला मार्ग आहे, आणि तो शेजारच्या राज्याने काही अंशी चालून दाखविला आहे. सौराष्ट्रातला छकडा हे बुलेट मोटारसायकलच्या पुढच्या अंगाला मागे दोन चाकांची गाडी जोडून गावच्या कारागिरांनी घडविलेले वाहन. खेड्यातल्या वाटा आणि खेड्यातली ओझी ओळखून ते जन्मले. त्याच परंपरेतून राजकोटची अतुल ऑटो ही कंपनी वाढली आणि गावठी तीनचाकी नियमांच्या चौकटीतील कारखान्यात आली. महाराष्ट्राला तर इतके लांब जाण्याचेही कारण नाही. बारामतीत तयार होणारी आपे दहा इंची चाकांवर धावते. यावरून एवढे उघड होते की मोठे चाक हा स्वतः गुन्हा नाही. त्याच्या जोडीला गिअर, ब्रेक, आस आणि चाकांमधील अंतर यांचा विचार केलेला असला पाहिजे. कारखान्यात तो होतो. गॅरेजमध्ये फक्त चाक बदलते.

मग तीनचाकी उत्पादकांनी घाटमाथ्याच्या पायथ्याला साजेसा, मोठ्या चाकांचा आणि आखूड गिअरचा संच तयार करावा, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने तो भारासह उतारावर आणि वळणावर तपासावा, आणि परिवहन खात्याने तो जुन्या रिक्षांवरही बसवून नोंदणीपुस्तकात लिहून द्यावा, यात अडचण कोणती? वरंध घाट ओलांडला की पुणे फार दूर नाही. वाहन याच राज्यात बनते, त्याची परीक्षाही याच राज्यात होते. महाडच्या चढावर एकदा ती परीक्षा घेतली तर निकाल लवकर लागेल. असा संच फुकट मिळणार नाही. त्यासाठी सहकारी पतसंस्थांनी आणि राज्य शासनाने हातभार लावणे आवश्यक ठरेल. वाडीवरच्या फेऱ्यांत चालकाची कमाई किती होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्यावर हा खर्च लादता येणार नाही.

तोपर्यंतचे काम परिवहन कार्यालयाचे आहे. ते कार्यालय पेणला, म्हणजे पोलादपूरहून जाऊन येण्यात रिक्षावाल्याचा एक दिवस आणि त्या दिवसाची कमाई बुडणार. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर महाड व पोलादपूर येथे तपासणीची शिबिरे भरवावीत. त्यांत रिमला गेलेली तड, बेअरिंगचा सैलपणा, ब्रेकची पकड आणि टायरचा दाब पाहावा. ज्याने चाक बदलले आहे त्याला मूळ चाक परत बसविण्यासाठी मुदत द्यावी आणि त्या मुदतीत दंडाचे पुस्तक मिटलेले ठेवावे. आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने सरकारी जीप महाडलाच ठेवून एखाद्या वाडीपर्यंतची फेरी भरलेल्या रिक्षातून करावी.