बाभूळ बांधावर आहे, कर्ज डोक्यावर कशाला?



परवा कार्यशाळा संपल्यावर एक ताई थांबल्या. हातात पिशवी, पिशवीत बाभळीचा डिंक. त्यांच्या बांधावर सात-आठ बाभळी आहेत. म्हणाल्या, "सर, सालीचं दंतमंजन काढायचं म्हणते. मशीन, डब्या, लेबल धरून दीड लाखाचं कर्ज मिळतंय. घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, आत्ता नको."

त्या जरा नाराज झाल्या. म्हणून कारण इथे सविस्तर लिहितोय.

बाभूळ गुणाचीच आहे, त्यात वाद नाही. आपल्या आजोबांनी तिच्या काडीने दात घासले, तिच्या लाकडाची औतं केली, शेंगा शेळ्यांना घातल्या. सालीने चामडं कमावलं जायचं. पण झाड गुणाचं असणं वेगळं आणि धंदा चालणं वेगळं.

दंतमंजन बनवून विकायला परवाना लागतो. घरच्या मिक्सरवर दळलं आणि डबीत भरलं, असं चालत नाही. शिवाय सात-आठ झाडांची साल किती दिवस पुरणार? खोडाची साल चहूबाजूंनी सोलली की झाड वाळतं. म्हणजे भांडवलच संपलं!

डिंकाचं तसं नाही. बेताने काढला तर झाड राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा देतं. मी तो डिंक टेबलावर ओतला आणि ताईंनाच निवडायला लावला. तीन ढीग झाले: फिकट स्वच्छ खडे, लालसर-काळपट खडे आणि साल-माती चिकटलेला चुरा. व्यापारी सगळं एकत्र घेतो आणि भाव चुऱ्याकडे बघून लावतो. ताईंचं नुकसान इथे होत होतं. यावर उपाय मशीन नाही, चाळणी आणि दोन तास.

आता हिशोब. समजा मजुरी धरून डिंक १०० रुपये किलोने पडला. १० किलो निवडून ८ किलो चांगला निघाला. मग तुमची खरी किंमत १०० नाही, १२५ रुपये. पिशवी, प्रवास, दुकानदाराचं मार्जिन त्यावर. हे न धरता भाव लावला तर जितकं विकाल तितका तोटा.

दुसरी गोष्ट, डिंकाच्या लाडवांची मागणी मुख्यतः थंडीत आणि बाळंतिणीसाठी. उन्हाळ्यात गोळा केलेला माल कोरडा ठेवून थांबावं लागतं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही!

विकताना प्रामाणिक राहा. खाण्याचा पदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयची नोंदणी करा. बाभळीचा डिंक धावड्याचा म्हणून खपवू नका. कडायाचा तर त्यात मिसळूच नका. तो पाण्यात फुगून लगद्यासारखा होतो, बाभळीचा विरघळून चिकट पाणी होतं. गिऱ्हाईक घरी एका वाटीत हे ओळखतं. आणि वनजमिनीवरच्या झाडाला परवानगीशिवाय हात लावू नका.

माझं कर्जाशी वैर नाही. पण आधी गिऱ्हाईक, मग मशीन. यंदा पाच किलो निवडलेला डिंक वीस घरांत विका. त्यातली दहा घरं स्वतःहून परत मागायला आली, की मग कर्जाचं बोलू. तेव्हा अर्ज भरायला मी स्वतः बसेन तुमच्यासोबत.