हौस सगळ्यांची, मग पाना एकट्याचा का?

आमच्या परसात सासऱ्यांचा जुना टाटा-मर्सिडीज ट्रक वीस वर्षं गंजत उभा होता. टेल्को आणि जर्मनीच्या डायमलर-बेंझचा करार १९५४चा. १९६९मध्ये तो संपेपर्यंत अशा ट्रकांवर मर्सिडीजची चांदणी असायची. ती पुन्हा चमकवायची, असं ह्यांनी आणि मुलानं ठरवलं. "घरातल्या सगळ्यांचा छंद" म्हणे! पण दर रविवारी पाने त्यांच्या हातात, आणि आमच्या वाट्याला चहा आणि ग्रीसने माखलेले कपडे.

एके दिवशी सासूबाई सहज म्हणाल्या, "हा ट्रक घेताना माझ्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. पण मला एकदाही कुणी त्यात बसवलं नाही." सगळे गप्पच झाले.

त्यानंतर कामं वाटून घेतली. लेकीनं बॉनेटचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. मी नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. चहा मुलानं केला. खर्चाची वही माझ्याकडे आली. महिन्याची रक्कम आधीच ठरवली. लेकीच्या फीला हात लावायचा नाही, हेही ठरलं.

मैत्रिणींनो, छंदाला माझा विरोध नाही. पण जो छंद घरच्या पैशावर आणि आपल्या कष्टावर चालतो, त्यात आपला हातही हवा आणि शब्दही हवा.

इंजिन अजून सुरू झालेलं नाही. पण सासूबाई रोज संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन बसतात. तेही ड्रायव्हरच्या जागेवर!